बातमी आणणाऱ्याचा गाल

तळेगाव ढमढेऱ्यात मी भाड्याची खोली बघायला गेलो आणि खोलीच्या आधी घरमालकाची थापड बघितली. बघितली म्हणजे डाव्या गालानं बघितली. डोळ्यांना काही दिसायच्या आत ती येऊन गेली होती.

गावानं नंतर एकमुखानं निकाल दिला, की चूक माझीच. रांजणगावच्या एका कारखान्यात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि स्टँडवरच्या जीपवाल्यानं ‘ते टेकाडावरचं निळं घर’ म्हणून लांबूनच बोट दाखवलं होतं. सोबत यायला तो तयार नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. भर उन्हात चढ चढून धापा टाकत मी दाराशी पोचलो, उंबऱ्याला डाव्या पायाची ठेच लागली, तो पाय हातात धरून एका पायावर नाचत मी ओरडलो, “आप्पा आहेत का? मला पाठवलंय...”

एवढंच वाक्य. आतून धोतर-बंडीतला एक डोंगर उठला, मोठ्यानं काहीतरी बडबडला आणि माझ्या कानात देवळाची घंटा वाजायला लागली. डोंगर गरजला, “उतरला! आता सांगा पाव्हणं, कुणाला चावला?”

“कुणालाच नाही,” मी भिंतीला धरून म्हणालो. “खोली हवी होती.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पंजाकडं बघितलं. माफी मागावी असा विचार त्यांच्या मनात आला असावा, पण तो चेहऱ्यापर्यंत येऊन मागं फिरला. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आगाऊ जमा धरू.”

आप्पा विंचू उतरवायचे. आता विंचू उतरवणारी माणसं आपल्याकडं गावोगाव असतात. कुणी मुळी उगाळून लावतो, कुणी राख फुंकतो, कुणी कडुनिंबाचा डहाळा फिरवतो. आप्पांच्या घराण्याची रीत सगळ्यांहून न्यारी. ज्याला चावला त्याला ते हात लावत नसत. त्याचं तोंडसुद्धा बघत नसत. विंचू चावल्याची बातमी जो घेऊन येईल, मंत्र म्हणून त्याच्या गालावर थापड मारायची, की तिकडं चावलेल्याचं विष उतरलं. चावा उजव्या अंगाला असेल तर उजवा गाल, डाव्या अंगाला असेल तर डावा. बाईमाणूस बातमी घेऊन आलं तर तिनं दाराच्या चौकटीला हात लावून उभं राहायचं आणि थापड चौकटीनं खायची. त्या घराची चौकट सागवानी होती, तरी मधोमध तिला खळगा पडला होता. आता विचार करा, गालांचं काय झालं असेल.

“ही विद्या आली कुठनं?” मी एकदा विचारलं.

“कोकणातनं. आमचा आज्जा मेंढरं घिऊन दरसाल कोकणात उतरायचा. तवा तितं एक गोसावी तापानं पडला हुता. आज्ज्यानं त्याला मेंढीचं दूध पाजून उभा केला. उठल्याबरुबर गोसाव्यानं आज्ज्याच्या थोबाडीत दिली.”

“मग?”

“मग काय? तीच आपल्याकडं पिढीजात हाय.”

आणि बातमी आणणाऱ्यालाच का मारायचं, यालाही त्यांच्याकडं उत्तर होतं. “इष कशानं चढतंय पाव्हणं? भ्यानं. आन् भ्या कोण पसरवतो? जो बोंबलत पळतो त्यो. मूळ तितं हाय. फांदीला औषध घालून काय उपेग?”

या माणसाचा पंजा म्हणजे भाकरी थापायची काथवट. जुनी माणसं सांगत, की ऐन उमेदीत आप्पांची थापड पडली की शिक्रापूरच्या चौकात ट्रकवाले टायर फुटला म्हणून खाली उतरायचे. मला हे पूर्वी अतिशयोक्त वाटायचं. गाल बरा झाल्यावर कमीच सांगितलंय असं वाटायला लागलं.

त्या एका रीतीनं सगळ्या आळीची बोलण्याची पद्धत बदलून टाकली होती. आप्पांच्या दाराशी कुणी धावत जात नसे. घर पेटलं असतं तरी माणूस रमतगमत गेला असता, आधी पानाला चुना लावला असता आणि मग म्हणाला असता, “आप्पा, विंचवाचं न्हाई हां, पर तुमचं घर पेटलंय.” साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस अंगणाच्या कडेला थांबून पहिल्यांदा हात वर करून ओरडायचा, “चांगली बातमी हाय!” पेपरवाला पेपर रस्त्यावरूनच भिरकावायचा. टीव्हीवर बातम्या सांगणारा जरा चढ्या आवाजात बोलायला लागला, की आप्पांचा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला जायचा आणि मावशी गुपचूप चॅनल बदलायच्या.

मावशी म्हणजे त्यांची बायको. अंगानं काडी. नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या तर डोंगराला टेकवून ठेवलेली काठी वाटायची. बोलणं मोजकं, पण जे बोलायच्या ते खिळ्यासारखं जागेवर बसायचं.

मोबाईल आला तेव्हा लोकांना वाटलं, आता गाल सुटले. कवठे येमाईहून कुणीतरी घरबसल्या फोन लावायचा, “आप्पा, डाव्या पायाला चावलाय,” आणि आप्पांनी काय करायचं ते तिकडं करावं. पण विद्येपुढं टॉवरचं काय चालणार? आप्पांनी दोन दिवस विचार करून नियम काढला. फोन वाजला की तो उचलून जो आप्पांच्या हातात देईल, त्यानं बातमी आणली. झालं! त्या घरात फोन वाजला की माणसं चपला सोडून पळायची. मी नवखा. ओसरीवर फोन वाजत पडलेला बघितला, उचलला, आणि मदत करायच्या थाटात आत गेलो. “आप्पा, कवठे येमाईहून कुणीतरी म्हणतंय, विंचू...”

पुन्हा घंटा.

“अहो आप्पा!” मी कळवळलो. “माझी एक आगाऊ जमा होती ना?”

“ती खोलीची,” आप्पा शांतपणे म्हणाले आणि फोन कानाला लावला. “हां, बोल रं. उतरला का?”

तिकडं उतरला होता. काय गंमत आहे बघा, बहुतेकदा उतरायचाच. काळा विंचू चावला तर चार घटका ठणकून उतरतोच, असं शिकलेली माणसं सांगतात. पण आप्पांची थापड इतक्या आत्मविश्वासानं पडायची, की तिचा आवाज ऐकून मला स्वतःला दाढदुखी थांबल्याचा अनुभव आहे. मग ती दाढ थापडेनंच हलली होती म्हणून थांबली की काय, हा तपशील झाला.

या विद्येला पथ्यंही होती. विद्या बाळगणाऱ्यानं दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या लुगड्याखालून जायचं नाही. त्यामुळं आळीतल्या धुण्याच्या दिवशी आप्पा आपल्याच दारातून समोरच्या दुकानात जायला अख्ख्या गावाला वळसा घालून जायचे. हे एक वेळ ठीक. पण दुसरं पथ्य असं होतं, की ज्यानं विद्या घेतली त्यानं जन्मभर वांगं खायचं नाही. भरीत नाही, भरलं वांगं नाही, लग्नातल्या पंगतीतली रस्सा भाजी नाही. शिरूर तालुक्यातल्या माणसाला वांगं सोड म्हणणं म्हणजे श्वास एकाच नाकपुडीनं घे म्हणण्यासारखं आहे. म्हणून आप्पांना चेला मिळेना. विद्या घ्यायला मोठ्या हौसेनं माणसं यायची, दुसऱ्याच्या थोबाडीत मारायचा परवाना कुणाला नको? पण वांग्याचं नाव निघालं की चहा पिऊन परत जायची. विद्या द्यायची ती ग्रहणात, नदीत उभं राहून. ग्रहणं आली आणि गेली, नदीत आप्पा एकटेच उभे राहिले.

मंत्र मात्र गुप्त राहिला नव्हता. आप्पांना कमी ऐकू यायचं. आपण मनातल्या मनात पुटपुटतोय असं त्यांना वाटे, तेव्हा चौथ्या घरातल्या म्हशी कान टवकारायच्या. आळीतल्या प्रत्येकाला तो मंत्र तोंडपाठ होता. मलाही येतो. पण मी वांगी खातो, तेव्हा माझ्या येण्याला किंमत नाही.

आता जावयाची गोष्ट सांगतो, म्हणजे आप्पा कोण होते ते नीट कळेल.

त्यांची एकुलती एक मुलगी दौंड तालुक्यात कासुर्डीला दिलेली. एक दिवस तिकडून जावई मोटारसायकलवर आला. आईला, म्हणजे आप्पांच्या विहीणबाईंना, उजव्या हाताला विंचू चावला होता. त्यांना त्यानं तिकडंच दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. पण म्हातारी खाटेवर बसून हटून राहिली, ‘व्याह्यांची थापड पडल्याबिगर मला उतरायचा न्हाई.’ बातमी जावयानं आणली. आळी श्वास रोखून उभी. एकीकडं गोसाव्याची विद्या, दुसरीकडं जावई! जावयाचा पाय धुवायचा असतो हो, त्याच्या गालाचं काय करायचं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आप्पा डगमगले नाहीत. “पाट मांडा,” त्यांनी हुकूम सोडला. जावयाला पाटावर बसवलं. मावशींनी कुंकू लावलं, ओवाळलं. आप्पांनी त्याच्या डोक्यावर नवी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला, वाकून नमस्कार केला.

“मामा, हे कशापायी?” जावई संकोचून म्हणाला.

“मानपान आधी,” आप्पा म्हणाले. आणि मग टोपी कासुर्डीच्या दिशेनं गेली.

जावयाच्या हातातला नारळ, मी डोळ्यांनी बघितलंय, आपटल्याशिवाय फुटला. विहीणबाई तिकडं खडखडीत बऱ्या झाल्या आणि पुढं चार पाहुण्यांत सांगत राहिल्या, की आमच्या व्याह्यांसारखा मान कुणी राखत नाही.

या सगळ्या दिवसांत एक गोष्ट मात्र हसण्यासारखी घडली नाही. आमच्या सरकारी दवाखान्यात वऱ्हाडातून एक तरुण डॉक्टरीणबाई बदलून आल्या होत्या. एके दिवशी त्या स्वतः टेकाड चढून आप्पांकडं आल्या. बाईमाणूस, म्हणून चौकट सावध झाली. पण त्या बातमी घेऊन आल्या नव्हत्या.

“आप्पा, तुमच्या थापडेबद्दल मी काही बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “मला ती शिकवलेली नाही. पण तो लहान लाल विंचू असतो ना, त्याचं विष हृदयाला धरतं. त्यावर औषध आहे माझ्याकडे, चांगलं आहे, पण वेळेत मिळालं तर. लोक थापडेवर विसंबून घरी बसतात. उशिरा आणतात. मग माझ्या हातात काही राहत नाही.”

आप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “कुणाला उशीर झाला, डॉक्टरीणबाई?”

त्यांनी नाव सांगितलं नाही. आप्पांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मावशींनी ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढच्या आठवडी बाजारात मात्र आप्पा भाजीवाल्यांच्या मधोमध उभे राहिले आणि खड्या आवाजात त्यांनी जाहीर केलं, “गोसाव्याचं वचन आजवर मी निम्मंच सांगितलं व्हतं! आता ऱ्हायलेलं सांगतो! ज्यानं थापड खाल्ली, त्यानं गालाची आग विझायच्या आत चावलेल्याला सरकारी दवाखान्याच्या खाटंवर न्हेऊन टेकवायचं! वाटंत च्यासाठी जरी थांबला, तर इष दुप्पट हुन थांबणाऱ्याला चढंल!”

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या भागातले पेशंट अशा वेगानं दवाखान्यात यायला लागले, की थापड इकडं पडायची आणि तिचा आवाज दवाखान्यात पोचायच्या आत गाडी पोचायची. जीपवाल्यानं तर भीतीपायी चहाच सोडला. डॉक्टरीणबाई हसून म्हणायच्या, “आमच्या सगळ्या पोस्टरांनी जे झालं नाही ते आप्पांच्या गोसाव्यानं केलं.” मग आप्पा मान डोलवायचे, जणू गोसावी त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला होता.

आणि मग विंचवांनी बैठक बोलावली असणार. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब चुकता करायचं त्यांच्यात ठरलं असणार.

सकाळची वेळ. माझी दुसरी पाळी, म्हणून मी घरीच होतो. आप्पा परसात कडब्याची पेंडी उचलायला गेले होते. एकदम आरोळी आली आणि आप्पा उजवा हात डाव्या हातात धरून अंगणात आले. “चावला! मलाच चावला! लाल हाय, म्या बगितला!”

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग जो तो धावला. जीपवाल्यानं जीप दाराशी आणून उभी केली, मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “ताबडतोब आणा,” त्या म्हणाल्या. “चालवू नका, काही खायला देऊ नका, फक्त आणा. वाट बघतेय.”

“आप्पा, बसा गाडीत!” जीपवाला ओरडला.

आप्पा अंगणात मधोमध मांडी घालून बसले. “थापड कुटं हाय?”

“थापडेचं मागनं बघू! गाडीत बसा!”

“मागनं? आरं, थापड पहिली, गाडी दुसरी. माजंच वचन हाय. आजवर तुमाला समद्यांना मारलं ते काय हौस म्हणून? आज मी थापडेबिगर गाडीत बसलो, तर ज्याला ज्याला मारलं त्याला फुकट मारलं असं हुईल. गोसावी खोटा पडंल, आज्जा खोटा पडंल. न्हाई बसणार.”

त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी मनगट धरलं, तर ते माठासारखं गार. ओठ पांढरे पडत होते. आम्ही सहा-सात जण मिळून त्यांना उचलायला गेलो. पण तो डोंगर हलेना. वडाचं झाड मुळासकट उपटून गाडीत घाला म्हटल्यासारखं झालं. फोनमधून डॉक्टरीणबाई विचारत होत्या, “निघालात का? निघालात का?” इतके दिवस हसत काढले त्या अंगणात मी पहिल्यांदा घाबरलो.

“आप्पा, मी मारतो!” जीपवाला पुढं झाला. गावोगावच्या बातम्या आणून आणून त्याच्याइतक्या थापडा तालुक्यात कुणी खाल्ल्या नव्हत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हाताला शिवशिव सुटली होती, दोन्ही खरं. “मंतर मला पाठ हाय!”

आप्पांनी कष्टानं डोळे उघडले. “वांगं खातो का?”

“काल... काल भरीत व्हतं...”

“बाजूला व्हय.”

“मी मारतो आप्पा!” शेजारचा म्हणाला.

“तू तर वांग्याचाच बागायतदार. तू बोलू नगं.”

आप्पांची नजर माझ्यावर आली. मी मान खाली घातली. खानावळीतून आलेल्या माझ्या डब्यात त्या क्षणी भरली वांगी होती. सगळी आळी मंत्र पाठ असून वांग्यापायी नालायक ठरली. आप्पांची मान एका बाजूला कलायला लागली.

तेवढ्यात मावशी घरातून बाहेर आल्या. गाडीत टाकायला म्हणून त्या चादर, तांब्या आणि नवऱ्याचा स्वेटर घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते सगळं माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि गर्दी बाजूला सारून त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“मी मारते.”

आप्पांनी वर बघितलं. “तू? तुला कुटं इद्या हाय?”

“मंतर येतो मला. या समद्यांना गल्लीतनं आला, मला तर उशाशी आला.”

“आन् पथ्य?”

“ह्या घरात आल्यापासनं वांगं कवा शिजलंय का?” मावशी म्हणाल्या. “तुम्ही खात न्हाई म्हणून मी बी खाल्लं न्हाई. माह्येरी गेले तरी न्हाई. भैनीच्या लग्नात न्हाई. कुणी इच्यारलं का मला?”

आळीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. आप्पांच्या तर नाहीच.

आप्पांनी शेवटची कायदेशीर हरकत घेतली. “पर... गिराणात दिल्याली न्हाई.”

“गिराण? लगीन झालं तवापासनं लागलंय मला, अजून सुटतंय कुटं! आता बोलू नका. बातमी कुणी आणली?”

“आं?”

“परसातनं हितं बोंबलत कोण आलं? बातमी आणली कुणी?”

आप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. वेदना होत्या, घाम होता, आणि या सगळ्यातून वर येणारं एक थोर आश्चर्य होतं. आपलाच कायदा आपल्यापुढं येऊन उभा राहिला, की न्यायाधीशाचं जे होत असेल ते त्यांचं झालं होतं.

“म्या,” ते म्हणाले.

“चावला कुटल्या अंगाला?”

“उजव्या.”

“मग उजवा गाल करा म्होरं.”

मावशींनी डोळे मिटले. मंत्र मात्र त्यांनी खरोखरच मनातल्या मनात म्हटला, आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. आणि मग त्या काडीएवढ्या बाईचा हात निघाला.

तुम्हाला खोटं वाटेल. टायर वगैरेची भाषा मी इथं वापरणार नाही, ती आप्पांच्या थापडेसाठी ठीक होती. या थापडेनं झाडावरचे बगळे उडाले ते दुसऱ्या गावी जाऊन बसले. चौथ्या घरातल्या म्हशींनी त्या दिवशी दूध दिलं नाही, सरळ दही दिलं. तिच्यात एवढ्या वर्षांचं न खाल्लेलं भरीत होतं, झाकून ठेवलेली ताटं होती, धुण्याच्या दिवशी दुसऱ्यांच्या दोऱ्यांपायी ऐकलेली बोलणी होती, आणि आत्ता या घटकेला वाटणारी भीती होती. आप्पांची टोपी कुठं गेली ते कुणी शोधलंसुद्धा नाही.

आप्पा गालाला हात न लावता तसेच बसून राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “उतरला.”

आणि दुसऱ्या क्षणाला त्यांच्या ध्यानात आलं, की थापड खाल्लेल्यानं गालाची आग विझायच्या आत चावलेल्याला दवाखान्यात पोचवायचं असतं. खाल्ली तीही त्यांनीच, चावलेलेही तेच! “आरं बगता काय!” डोंगर स्वतःच्या पायांनी धडपडत उठला. “धरा मला! घाला गाडीत! गाल इझंल!” सहा-सात जणांना न हललेला माणूस आमच्याआधी जीपच्या दाराशी होता. मावशी पुढच्या सीटवर चढल्या. “हाक रं,” त्या जीपवाल्याला म्हणाल्या, “आन् च्या घ्यायला थांबलास, तर मला बी मारता येतं आता.”

जीप त्या दिवशी रस्त्याला टेकली होती की नाही, यावर आजही आळीत दोन पक्ष आहेत.

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गोळी दिली, सलाइन लावलं, छातीला तारा चिकटवल्या आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. सकाळभर त्या तिथून उठल्या नाहीत. दर थोड्या वेळानं रक्तदाब बघायच्या, आप्पांच्या पायांना हात लावून गारवा बघायच्या आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. दुपारी आप्पांना उलटी झाली, तेव्हा मावशींनी जीपवाल्याचा दंड इतका घट्ट धरला, की तो नंतर चार दिवस दाखवत फिरत होता. पण उन्हं कलली, तशी पायांत ऊब आली. नाडी सावरली. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि त्या पहिल्यांदा हसल्या. “वाचलात, आप्पा.”

बाहेर आवार माणसांनी भरलं होतं. आयुष्यात आप्पांची थापड खाल्लेला एकूण एक गाल तिथं हजर होता. कवठे येमाईचे आले होते, टोपी घालून कासुर्डीचा जावई आला होता, रांजणगावच्या कारखान्यातली बिहारकडची पोरं ‘अप्पाजी कैसे हैं?’ विचारत आली होती. बरं झाल्याचं कळलं तशी जी आरोळी उठली, ती ऐकून वॉर्डातले दोन पेशंट डिस्चार्ज न घेता घरी गेले.

लगेच वाद पेटला. जीपवाला म्हणत होता, थापडेनंच वाचले. कारखान्यातला एक सुपरवायझर म्हणत होता, गोळीनं. भांडण डॉक्टरीणबाईंपुढं गेलं.

“मला वाद घालायचा नाही,” त्या म्हणाल्या. “हा माणूस वेळेत माझ्या खाटेवर आला. कशानं आला ते तुम्ही ठरवा.”

दुसऱ्या दिवशी घरी सोडायच्या आधी त्यांनी आप्पांना शेवटचं तपासलं. हृदय ठीक, रक्तदाब ठीक, बोटाची सूज उतरलेली. उजवा गाल मात्र टम्म फुगला होता आणि त्यावर पाच बोटं छापल्यासारखी उमटली होती. डॉक्टरीणबाईंनी मलमाची ट्यूब उघडली आणि त्या गालाला लावायला वाकल्या. आप्पांनी त्यांचा हात अदबीनं बाजूला केला.

“इच्चवाचं तुमी बगितलं, तुमचे उपकार हायेत डॉक्टरीणबाई,” ते म्हणाले. “गालाला हात लावू नगा. ते माज्या घरचं हाय.”

मावशींनी तोंड फिरवलं, पण मला दिसलं. त्या हसत होत्या.

जीप बाजारातून नेली. मावशी पुढं, ताठ बसलेल्या. बायका धावत येऊन त्यांच्या हाताला हात लावत होत्या, कुणी हळदीकुंकू लावत होतं, कुणी तो उजवा हात उलटासुलटा करून बघत होतं. आणि आप्पा मागच्या बाकावर, उघड्या दाराकडं गाल करून बसलेले, प्रत्येक गाळ्यापाशी जीप थांबवून ओरडत होते, “बगा! पाच्ची बोटं उमटल्यात! मोजून घ्या!”